जनगणना, सर्वे आणि आपली माहिती: कुलूप कुठे हवं, दार उघडं कुठे हवं (इंदूरच्या शेजाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न)

मी इंदूरची, सुदामा नगरात राहते, आठ वर्षं कंत्राटावर सरकारी सर्वेसाठी दारोदार फिरले आणि आता घरी बसून आकड्यांचीच कामं करते. जनगणना येतेय म्हटल्यापासून जिन्यात, किराण्याच्या दुकानात, देवळाबाहेर चपला घालताना, जिथे सापडेन तिथे लोक पकडून तेच तेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून काढू. भाषा घरचीच आहे, सांभाळून घ्या.

गणनावाल्या बाईंना सगळं खरं सांगायचं? उद्या तोच कागद इन्कम टॅक्सवाल्यांकडे गेला तर?

नाही जात. जनगणना कायदा १९४८ चा आहे आणि त्यातलं कलम १५ माझं लाडकं. त्यात सरळ म्हटलंय की जनगणनेची वही, रजिस्टर, नोंद बघायचा हक्क कोणालाच नाही आणि त्या नोंदी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत, अपवाद फक्त जनगणना कायद्याखालच्याच खटल्याचा. म्हणजे भाऊबंदकीच्या केसमध्ये वकीलसाहेब म्हणाले की २०११ ला या वाड्यात कोण राहत होतं ते जनगणनेच्या कागदावरून काढा, तर नाही काढता येत. गणनावाल्यांनी बाहेर जाऊन बडबड केली तर तो गुन्हा आहे. आणि बंधन तुमच्यावरही आहे हं, आपल्याला माहीत असेल तितकं खरं सांगायचं.

याच कायद्यात एक जुनी गंमत अजून शिल्लक आहे. बाईला नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, रिवाजाने ज्याचं नाव घेत नाहीत अशा कोणाचंच नाही. ४८ साली दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना आपल्या आज्या माहीत होत्या म्हणायच्या. एका आजींनी मला दारात खरंच उखाणा घेऊन नाव सांगितलं होतं, तेही जनगणनेच्या नाही, साध्या खर्चाच्या सर्वेत!

जात पण विचारणार म्हणे?

हो, पण दुसऱ्या फेरीत. पहिली फेरी घरांची, ३३ प्रश्नांची, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ च्या मध्ये प्रत्येक राज्य आपापले ३० दिवस ठरवतं, आणि त्याच्या आधी १५ दिवस ज्याला स्वतः ऑनलाइन भरायचंय त्याने भरायचं. माणसं मोजायची फेरी फेब्रुवारी २०२७ ला, जात त्यात. कुलूप तेच कलम १५ चं.

समग्र आयडीत सगळं आहेच ना आमचं? मग परत कशाला डोकं खातात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं तर सगळी गोम इथेच आहे, म्हणून जरा लांब सांगते.

मध्य प्रदेशात राहणाऱ्याला समग्र, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, नवीन नाही, घराचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. रेशन, स्कॉलरशिप, लाडली बहना, सगळं त्यावर चालतं. ही माहिती तुमच्या नावाने कामाला येते, तुम्ही पात्र की अपात्र हे ठरतं, पैसे तुमच्याच खात्यात यायला पाहिजेत, तिथे "कोण" हे कळल्याशिवाय पान हलत नाही. जनगणना आणि सर्वे याच्या अगदी उलटे. तिथे तुम्ही म्हणजे फक्त एक. नाव लिहितात ते कोणी दोनदा मोजलं जाऊ नये, कोणी सुटू नये म्हणून, पुढे तक्ता बनताना त्या नावाचा काडीचा उपयोग नसतो.

म्हणून जगभर एक रेघ मारलेली आहे, संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या सांख्यिकी तत्त्वांमध्ये पण ती आहे, की मोजण्यासाठी घेतलेली माहिती मोजण्यासाठीच वापरायची. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आकडेवारी आणि संशोधनाला सूट आहे पण अट हीच, की त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. नावाच्या रजिस्टरमधून मोजणीकडे माहिती जाऊ शकते, मोजणीतून उलटी नावाच्या रजिस्टरकडे यायला नको. नळाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो ना, तसं.

आणि एक गोंधळ मिटवून टाकते. एनपीआर म्हणजे लोकसंख्या रजिस्टर ही वेगळी भानगड आहे, ती नागरिकत्वाच्या नियमांखाली येते आणि तिला जनगणना कायद्याचं कुलूप नाही. २०१० ला घरमोजणीबरोबरच तिचाही फॉर्म फिरला म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्ही एकच होऊन बसलंय. दारात आलेल्याला विचारायचं, हा कागद कुठल्या कायद्याखालचा? विचारायला काही पैसे पडत नाहीत.

नावं खोडली की झालं ना, त्यात काय एवढं?

मला पण असंच वाटायचं. माझंच सांगते.

दोन-तीन वर्षांपूर्वी आपल्या मराठी लोकांच्या एका मंडळाने इंदुरातल्या मराठी घरांची पाहणी केली, किती घरं, किती मुलं मराठी वाचतात, किती म्हातारी माणसं एकटी राहतात असं सगळं. मी आकडेवाली, म्हणून तक्ते माझ्याकडे. नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही, मी एकदम निर्धास्त. पत्रक छापून व्हॉट्सॲपवर गेलं आणि दुसऱ्या दिवशी देवासहून एकाचा फोन, "ताई, माझी मावशी एकटी राहते हे तुम्ही सगळ्या गावाला का सांगितलं?" मी म्हटलं कुठे सांगितलं. तर त्याने तक्ता वाचून दाखवला, त्या मोहल्ल्याच्या ओळीत "एकट्या राहणाऱ्या, ८० च्या वर" या रकान्यात आकडा होता १. त्या मोहल्ल्यात ८० च्या वरची एकटी मराठी बाई म्हणजे कोण हे सगळ्या गल्लीला माहीत, ज्याला माहीत नव्हतं त्याला मी सांगितलं.

घाईघाईने मी त्या १ च्या जागी तारा टाकला आणि पत्रक परत पाठवलं. पाच मिनिटांत माझ्याच भाच्याने, नववीतला पोरगा, सांगितलं की आत्या, ओळीची बेरीज १४ लिहिलीयेस, बाकीचे दोन आकडे ९ आणि ४, मग तारा म्हणजे १ च ना! लाज वाटली अक्षरशः. एक आकडा लपवला की त्याच ओळीतला आणि त्याच रकान्यातला आणखी एकेक आकडा लपवावा लागतो, नाहीतर वजाबाकी करून कोणीही काढतो, आणि हे मला, आठ वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला, सुचलं नव्हतं.

मोठ्या माणसांचंही होतं असं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी नोकरांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधनाला दिल्या होत्या. लतान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने २० डॉलरला तिथल्याच केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला आणि थेट गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. शहरात त्यांच्या जन्मतारखेचे सहा जण, त्यातले तीन पुरुष, त्यांच्या पिनकोडात एकटे तेच. आता बघा, आपल्या मतदार यादीत नाव, वय, घर नंबर सगळं उघडं असतं. म्हणजे जुळवायला दुसरी यादी शोधायची पण गरज नाही.

मग सरकार हे छोटे आकडे सांभाळतं कसं?

युक्त्या बऱ्याच आहेत, प्रत्येकीत काहीतरी हातचं जातं.

सगळ्यात साधी म्हणजे गट मोठा करायचा. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून साडेएकोणीस हजार वेगवेगळी नावं सांगितली होती, छापील यादीत भाषा आल्या १२१, कारण १०,००० पेक्षा कमी बोलणाऱ्यांच्या भाषा स्वतंत्र दाखवायच्या नाहीत असा १९७१ पासूनचा प्रघात आहे. तो काही फक्त गोपनीयतेसाठी नाही, पण बघा, ज्याच्या भाषेचे नऊ हजार लोक आहेत त्याला तक्त्यात आपण दिसतच नाही. मराठीवाल्यांना ही झळ लागत नाही, ८ कोटी ३० लाख आहोत, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही.

कारखान्यांचं उदाहरण घ्या. समजा पीथमपूरला एखादी वस्तू बनवणारे दोनच कारखाने आहेत आणि सरकारने दोघांचं मिळून उत्पादन छापलं. बाहेरच्याला काही कळणार नाही, पण पहिला कारखानदार त्यातून आपला आकडा वजा करेल आणि शेजाऱ्याचा पूर्ण धंदा त्याच्या हातात! म्हणून निदान तीन तरी असल्याशिवाय आकडा सुटा दाखवायचा नाही अशी या धंद्यातली जुनी शिस्त.

कॅनडावाले जनगणनेचे आकडे ५ च्या पटीत वर नाहीतर खाली ढकलतात. अमेरिकेने २०२० ला तर गणित लावून आकड्यांत मुद्दाम थोडा गोंगाट, म्हणजे किरकोळ फेरफार, मिसळला, राज्याची एकूण लोकसंख्या तंतोतंत, पण खाली मोहल्ल्यापर्यंत जावं तसं आकडे थोडे थोडे हललेले. त्यावर खूप भांडणं झाली, अलाबामा राज्य कोर्टात गेलं, संशोधक म्हणाले छोट्या गावांचे आकडे बिघडले. आकडे हलवणाऱ्यांचंही खरं आहे आणि तक्रार करणाऱ्यांचंही. जितकं लपवाल तितकं कमी दिसेल, फुकटात काहीच नाही.

मला आवडते ती छापा-काट्याची युक्ती, १९६५ पासूनची, वॉर्नर नावाच्या माणसाची, मी सांगते ते तिचं सोपं रूप. राजवाड्याच्या १०० दुकानदारांना विचारा "कच्चं बिल देता का?", खरं कोण सांगणार भिया! म्हणून प्रत्येकाला म्हणायचं की आमच्याकडे पाठ करून नाणं उडव, छापा आला तर डोळे मिटून "हो" म्हण, काटा आला तर खरं सांग. समजा ७० जण "हो" म्हणाले. त्यातले ५० च्या आसपास नुसत्या छाप्याचे, उरलेले २० हे काटा आलेल्या ५० मधले, म्हणजे ४० टक्के देतात. कोण देतो? ते देवालाच माहीत, कारण कोणाही एकाचं "हो" हे नाण्याचं असू शकतं. आता १०० जणांत आकडा थोडा इकडेतिकडे होणार, हजारो असले की बऱ्यापैकी पक्का बसतो.

एवढी भीती आहे तर डेटा उघडा करायचाच कशाला, ठेवा ना सगळं तिजोरीत!

मग मोजायचं कशाला? गरम पोहे करून डब्यात झाकून ठेवायचे आणि कोणाला द्यायचे नाहीत, तसलं काम.

आकडे बाहेर नसले की काय होतं ते आपण भोगतोय. अन्नसुरक्षा कायद्यात गावातली ७५ टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं रेशनसाठी धरली आहेत, पण कशाच्या? २०११ च्या लोकसंख्येच्या. इंदूर जिल्हा तेव्हा ३२.७७ लाखांचा होता, आता बायपासच्या पलीकडे कुठपर्यंत घरं गेलीत ते जाऊन बघा. नवीन मोजणीच नाही त्यामुळे कोटा जुन्याच आकड्यावर.

आणि मोजूनही न छापल्याचं उदाहरण म्हणजे २०१७-१८ चा खर्चाचा सर्वे. देशभर घरोघर जाऊन झाला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने सांगितलं की दर्जा ठीक नाही म्हणून निकाल देणार नाही. दर्जाबद्दल शंका असू शकते, माझं म्हणणं एवढंच की शंकेसकट छापा, लोक ठरवतील. २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ चा आकडा आला, गावात माणशी महिना ३,७७३ रुपये आणि शहरात ६,४५९. मध्ये अकरा वर्षं देश काय खातो-पितो याचा पक्का हिशोबच नाही.

आपल्याकडे कारभार उलटा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. उघडं हवं ते बंद आणि बंद हवं ते भिंतीवर. वॉर्डाचा साधा तक्ता मागितला की "गोपनीय आहे मॅडम", आणि त्याच ऑफिसबाहेर मुलींच्या स्कॉलरशिपची यादी चिकटवलेली, नाव, बापाचं नाव, मोबाइल, खाते नंबर, सगळं ठळक अक्षरात, वर पावसाने ओघळ आलेले. हे मी स्वतः बघितलंय, ऑफिसचं नाव घेत नाही. २०१७ मध्ये आधारवाल्यांनीच आरटीआयच्या उत्तरात कबूल केलं होतं की २१० च्या आसपास सरकारी वेबसाइटींवर लाभार्थ्यांची नावं आधार नंबरसकट दिसत होती. हॅकर नको, कोणीतरी एक्सेलची फाइल जशीच्या तशी चढवली, बस.

मला पीएचडीसाठी कच्चा डेटा पाहिजे, मिळतो का?

सर्वेचा मिळतो आणि फुकट मिळतो, लोकांना माहीतच नसतं. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नाव नोंदवून एकेका घराची नोंद असलेल्या फाइली उतरवता येतात, अर्थात नाव-पत्ता काढलेल्या. २०२२-२३ च्या खर्चाच्या सर्वेत २,६१,७४६ घरं आहेत. हे देशातल्या घरांचा छोटासा नमुना असल्यामुळे "ही ओळ माझ्या शेजाऱ्याचीच" असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, नमुन्याचं हे एक आयतं संरक्षण. फक्त जिल्हा-तालुक्यापर्यंत खाली जाऊन उत्तर काढायचा मोह नको, एक तर नमुना तेवढा नसतो आणि दुसरं म्हणजे तिथूनच माणूस दिसायला लागतो.

जनगणनेचं तसं नाही, तिथे प्रत्येक माणूस आहे, त्यामुळे तक्ते मिळतात, एकेका घराच्या नोंदी उतरवून घेता येत नाहीत. बरोबरच आहे.

हॅक झालं तर?

होऊ शकतं, नाही म्हणणारा खोटं बोलतो. पण मला सर्व्हरपेक्षा माणसांची भीती जास्त वाटते. आमच्या वेळी भरलेले फॉर्म कापडी बस्त्यात बांधून ऑफिसात जायचे, तिथे कपाटाला कुलूप आणि किल्ली कुलपालाच लटकलेली. नंतर टॅब आले तर पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला. यावेळी गणनावाले मोबाइल ॲपवर भरणार, ते कागदापेक्षा बरंच म्हणायचं, भरलं की सर्व्हरवर जातं आणि गल्लीत गठ्ठा पडायची भीती नाही, पण कोणी "मॅडम चेक करा जरा" म्हणत व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला की संपलं. यासाठी फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. नावांची फाइल वेगळी, उत्तरांची वेगळी, दोन्ही जोडायची किल्ली तिसऱ्याकडे, कोणी कधी उघडलं याची नोंद आपोआप, आणि नोकरी सोडली त्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद.

आरटीआयमध्ये आता काहीच मिळणार नाही असं ऐकलं?

अर्धं खरं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर ती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही किंवा उगाच कोणाच्या खाजगीत शिरणं आहे हे बघावं लागायचं. डेटा संरक्षण कायद्याने ते कलम छाटून नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच ठेवलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. मला हे पटलेलं नाही, कारण रस्त्याच्या ठेक्यातही कोणाचं तरी नाव असतंच. पण कलम ८(२) अजून जिवंत आहे, लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते, अर्जात ते कलम नाव घेऊन लिहा. आणि शक्यतो नावं मागूच नका, तक्ता मागा. "किती अर्ज आले, किती मंजूर, वॉर्डवार" असं मागितलं की वैयक्तिकचं कारण देताच येत नाही.

आज कायदा आहे, उद्या बदलला तर?

हा प्रश्न माझ्या सासऱ्यांचा, आणि याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. अमेरिकेत १९४० च्या जनगणनेला गोपनीयतेचा कायदा होताच. युद्ध पेटलं, १९४२ च्या एका कायद्याने ती अट सैल केली, आणि जपानी वंशाचे लोक कुठल्या भागात किती राहतात हे आकडे लष्कराला मिळाले, लोकांना उचलून छावण्यांत टाकलं. त्या आकड्यांत नावंही नव्हती, नुसते ब्लॉकवार तक्ते. राजधानी वॉशिंग्टनच्या भागातली नावं सुद्धा ४३ मध्ये दिली गेली हे संशोधकांनी कागद खणून २००७ मध्ये दाखवलं.

आपल्याकडे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हटलाय, त्यामुळे कायदा बदलायचा तर त्या भिंतीवर डोकं आपटावं लागेल. बाकी सासऱ्यांना मी म्हणाले, बाबा, न विचारलेली माहिती चोरीला जात नाही, म्हणून प्रत्येक नव्या फॉर्मवर "हे कशाला हवंय" विचारत राहायचं.

दारात आलेला खरा की भामटा, ओळखायचं कसं?

ओळखपत्र बघा, शंका आली तर वॉर्ड ऑफिसला फोन करा. मोबाइल नंबर विचारतील, ठीक आहे. खाते नंबर, पिन, ओटीपी दारातल्या कोणालाच द्यायचा नाही, भले तो कितीही "काकू काकू" करत पाणी मागो.

तुमच्या त्या मंडळाच्या तक्त्याचं पुढे काय झालं?

परत बनवला. चार मोहल्ले एकत्र केले, ८० चा रकाना काढून "७० च्या वर" असा एकच ठेवला, आता तिथे २३ आहे. छापलेलं पत्रक घेऊन मी स्वतः त्या मावशींकडे माफी मागायला गेले. त्यांनी चष्मा लावून पूर्ण ओळ वाचली, बोट फिरवत फिरवत, आणि जरा नाराजीनेच म्हणाल्या, "आधी निदान माझा एक वेगळा दिसत होता गं." मग चहा टाकायला उठल्या.